कुठला कायदा? कोणाचा कायदा?



तालुक्याच्या कचेरीत गेलेला माणूस बहुतेक वेळा दोन वाक्ये ऐकून परत येतो. पहिले, "साहेब मीटिंगला गेलेत." दुसरे, "तुमचं कायद्यात बसत नाही." पहिल्या वाक्यावर इलाज आहे. साहेब आज नसले तर उद्या भेटतील. दुसरे वाक्य ऐकले की माणूस पिशवी काखेला मारतो, टोपी सारखी करतो आणि मुकाट एस.टी. स्टँडचा रस्ता धरतो. कुठला कायदा, त्यात काय लिहिले आहे, कोणी लिहिले, एवढे विचारायचेही त्याला सुचत नाही.

तोच माणूस दिवसभरात हाच शब्द आणखी चार ठिकाणी ऐकतो. अडत्याच्या गाळ्यावर ऐकतो, "आवक वाढली की भाव पडणारच, बाजाराचा कायदा आहे तो." पारावर ऐकतो, "दुसऱ्याचा बांध कोरायचा नाही, हा आपल्या गावचा कायदा." घरी आला की म्हातारी ऐकवते, "लेकीला शेतात वाटा नसतो, पूर्वीपासूनचा कायदा आहे." आणि उत्तरा-हस्त कोरडे गेले, शाळू पेरायला वाफसाच झाला नाही, की तो स्वतःच म्हणतो, "निसर्गाच्या कायद्यापुढं कुणाचं चालतं?"

शब्द एक, वस्तू पाच. कचेरीतला कायदा विधिमंडळात किंवा संसदेत हात वर करून केलेला असतो. कित्येकदा तो तेवढाही नसतो, नुसते एखादे परिपत्रक असते. बाजाराचा कायदा म्हणजे लाखो माणसांच्या देण्याघेण्यातून निघणारा परिणाम. गावचा कायदा म्हणजे वहिवाट. म्हातारीचा कायदा म्हणजे रूढी. निसर्गाचा कायदा कोणी केलेला नाही आणि कोणाला रद्दही करता येत नाही. या पाचही वस्तूंना आपण एकच नाव दिले आहे, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पावसापुढे मान तुकवायची सवय लागलेला कोरडवाहू शेतकरी परिपत्रकापुढेही तशीच मान तुकवतो.

हा शब्द आपल्याकडे आला अरबीतून. तिथे 'कायदा' म्हणजे पाया, बैठक, ज्यावर इमारत उभी राहते ते. त्याचा जोडीदार 'कानून' हाही अरबीतून आला, पण त्याचे मूळ ग्रीक, आणि तिथे त्याचा अर्थ मोजायची काठी. आता विचार करा. पाया घराच्या खाली असतो, तो घर तोलून धरतो. काठी मापायलाही चालते आणि मारायलाही चालते. शेतकऱ्याच्या वाट्याला यातले काय आले, ते पाहायला दूर जायला नको. आपल्या शिरूर-दौंडच्या मातीतच त्याचा पुरावा आहे.

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातले करडे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर कोर्टातून दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बळावर देशमुखाचे राहते घर पाडले. घर पाडून कर्जाचा एक पैसाही वसूल होत नव्हता. तरी पाडले. गावकरी चिडले. पण कायद्याने पाहिले तर काळूरामने काहीच गैर केले नव्हते. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर शिक्का होता.

गावाने मग आपला कायदा काढला. सावकाराची हजामत करायची नाही, त्याच्याकडे पाणी भरायचे नाही, त्याच्या शेतात राबायचे नाही. ही लाट गावोगाव पसरली. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या गावकऱ्यांनी तर समापत्र लिहून काढले, की जो कोणी सावकाराची जमीन करील किंवा त्याची चाकरी करील त्याला गावातले बलुतेदार काम करणार नाहीत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही लेखी कायदा केला, कारण कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते एवढे त्यांना कळून चुकले होते.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला. आजच्या दौंड आणि बारामतीचा मुलूख त्या वेळी भीमथडी तालुक्यात होता आणि सुपे ही त्यातली मोठी पेठ. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या दुसऱ्या गावात आग लागली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हे लोण पोचले. पण चौकशी आयोगाने नोंदवलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांना हवी होती ती खते, वह्या आणि हुकूमनामे. सावकाराने कागद काढून दिले की बहुतेक ठिकाणी लोक ते जाळून घरी जात. माणसांना मारहाण फारशी झाली नाही. ज्या कागदाने घर पाडले तो कागदच जाळायचा, असा तो हिशेब होता.

त्या हिशेबात चूक होती. जाळलेल्या कागदाने कर्ज फिटले नाही. ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. गावांवर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्चही गावांकडूनच वसूल झाला.

मग कागदात एवढे बळ आले कुठून? पेशवाईत सावकार नव्हता असे नाही. होता, व्याजही जबर घेत होता. पण त्याला वसूल करायचे तर तगादा लावावा लागे, दारात धरणे धरावे लागे, पंचायत बसवावी लागे. गाव उठून गेले तर त्याचेही बुडत होते, म्हणून तो थोडे सांभाळून घेत होता. आणि दामदुपटीची मर्यादा होती. व्याज मुद्दलापेक्षा वर जायचे नाही, हे शास्त्रानेही मानलेले आणि रिवाजानेही मानलेले.

इंग्रजांनी तीन गोष्टी केल्या. प्रत्येकीमागे एकेक चांगला हेतू सांगितला गेला. पहिली, रयतवारीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर लावली आणि त्याला ती विकायचा, गहाण टाकायचा हक्क दिला. दुसरी, १८५५ मध्ये व्याजावरची कायदेशीर मर्यादा काढून टाकली. दोन शहाण्या माणसांनी खुशीने केलेल्या करारात सरकारने पडू नये, हा त्यामागचा विचार. तिसरी, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा करायची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनीपुराणी खते काढून सावकाराने नातवाला छळू नये, म्हणून.

या तिसऱ्या कायद्याने काय केले त्याचा हिशेब स्वतः मांडून पाहा. शंभर रुपये कर्ज, व्याज महिना शेकडा दोन. तीन वर्षांत व्याजाचे बहात्तर झाले, एकूण १७२. मुदत संपत आली, सावकार म्हणतो, दावा लावू की नवे खत देतोस? नवे खत १७२ चे. व्याज मुद्दलात गेले. आणखी तीन वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. मधल्या काळात खळ्यावरून जी ज्वारी नेली, जो कापूस नेला, तो सावकाराच्या भावाने जमा झाला किंवा झालाच नाही, कारण पावती कोण मागतो? शेतकऱ्याला वाचवायला केलेल्या कायद्याने दर तीन वर्षांनी शेतकऱ्याच्या गळ्यातला फास एकेक पीळ आवळला.

याच काळात बाजाराच्या कायद्याने आपला हात दाखवला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे वाटली. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत लिव्हरपूलला जाऊ लागला, इथला भाव कोसळला. इथपर्यंत कोणाचा दोष नाही. पण नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी संपली म्हणून इंदापूर, भीमथडी, शिरूरकडच्या तालुक्यांत सरकारने शेतसारा वाढवला. भाव पडले तो बाजाराचा कायदा होता. पडत्या भावात सारा वाढवला तो माणसांनी घेतलेला निर्णय होता. शेतकऱ्याला सांगितले मात्र असे, की दोन्ही एकाच आभाळातून पडले.

आणि कोर्ट? हुकूमनामे बहुतेक एकतर्फी होत. पेरणी सोडून तालुक्याला जायचे, वकिलाला पैसे द्यायचे, परक्या भाषेत ऐकायचे, आणि अंगठा माझाच आहे म्हणून मान डोलवायची. त्यापेक्षा न गेलेले बरे, असा विचार करून शेतकरी घरी बसे. शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली. पण ही म्हण शेतकऱ्याने पाळली आणि सावकाराने पाळली नाही, तर निकाल कोणाकडे जाणार?

त्यांचे सावकार मारवाडी-गुजर होते म्हणून ही गोष्ट एका जातीची ठरत नाही, हेही इथेच सांगून टाकू. पुढे गावातलेच सधन शेतकरी सावकारी करू लागले तेव्हा कर्जदाराला फरक जाणवला नाही. काळूरामच्या जागी देशमुख आणि देशमुखाच्या जागी काळूराम असता, तरी हुकूमनामा तसाच निघाला असता. दोष माणसाच्या नावात शोधत बसलात तर कायद्यातला दोष सुटून जातो, आणि ज्यांनी कायदा केला ते लांब उभे राहून गंमत पाहतात.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली मुख्य गोष्ट एका ओळीत सांगता येते. कोर्टाने खतावर थांबायचे नाही, खताच्या मागे जायचे. मूळ कर्ज किती, व्याज किती चढवले, माल किती नेला, सगळा इतिहास उलगडून पाहायचा. कर्जासाठी तुरुंगात टाकणे बंद झाले. शेतकऱ्याने मागितली तर पावती द्यायची, हिशेब द्यायचा असे ठरले. चार वर्षांपूर्वी कागद म्हणजेच कायदा होता. आता कागदाला प्रश्न विचारणे हा कायदा झाला.

पण सावकारही झोपलेले नव्हते. कोर्ट कर्जखताच्या मागे पाहते ना, मग कर्जखतच नको. खरेदीखत करायचे. कागदावर जमीन विकली, तोंडी बोली अशी की पैसे फेडशील तेव्हा परत देईन. ही पळवाट बुजवायला पुढे १८७९ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आणि भावांनो, ही पळवाट आजही जिवंत आहे. दवाखाना निघाला, पोरीचे लग्न निघाले, विहिरीचे पाणी आटले, की विनापरवाना सावकार आजही गहाणाची बोली करतो आणि खरेदीखत नोंदवून घेतो. त्यावर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे जुनी दामदुपट कायद्यात आली. अवैध सावकारीपोटी गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून चौकशीअंती परत मिळू शकते. किती जणांना ठाऊक आहे? जमीन गेलेला माणूस म्हणतो, "सही माझीच आहे, आता कायद्यानं काय होणार?" दीडशे वर्षांपूर्वी करड्याच्या माणसाला दुसरा कायदाच नव्हता. आज आहे, तो विचारणारा माणूस नाही.

आता आजच्या कायद्याकडे पाहू. दौंडच्या बागायती पट्ट्यातल्या ऊसवाल्याचा भाव १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बांधलेला आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत रास्त भाव द्यायचा, नाही दिला तर सालाना पंधरा टक्के व्याज. कारखाने ते पाळतात की नाही, हा वेगळा तंटा. पण भांडायला कायद्याचा आधार आहे. आपल्या ज्वारीला आणि कापसालाही सरकार दरसाल हमीभाव जाहीर करते. 'हमी' हा शब्द ऐकून वाटते की कायद्याने दिलेली हमी आहे. तशी ती नाही. हमीभाव ही सरकारची घोषणा आहे, त्यामागे संसदेचा कायदा नाही. कायद्याने भाव बांधावा की बाजार मोकळा सोडावा, यावर शेतकऱ्यांतही दोन मते आहेत आणि बैठकीत दोन्ही मांडावीत. पण घोषणेला कायदा समजून बसू नये.

कापूसवाल्यांना उलटा अनुभव आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. आपला कापूस सरकारी केंद्राशिवाय कोणाला विकायचा नाही, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा, बैलगाडी शेतकऱ्याची. पण हद्द ओलांडली की तो चोर. पलीकडच्या गावातला शेतकरी तेच करी तेव्हा तो व्यापार होता. तीस वर्षांनी ती मक्तेदारी मोडली आणि कालचा गुन्हा आज धंदा झाला. कापूस बदलला नव्हता. २०२० मध्ये संसदेने केलेले तीन शेती कायदे २०२१ मध्ये संसदेनेच मागे घेतले. त्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, धडा एकच निघतो. माणसाने केलेला कायदा माणसाला बदलता येतो. मृगाचा पाऊस तसा बदलता येत नाही.

इथपर्यंत माना डोलावणे सोपे आहे. आता थोडे आपल्याकडे पाहू. रूढीलाही आपण कायदा म्हणतो आणि ती रूढी सोयीची असली की तिला हात लावू देत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये मिळाला. तरी बहिणीला राखीला साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे गावोगाव चालू आहे. ती सही सुद्धा कागदच आहे. तिच्या मागे काय आहे, हे कोणी पाहायचे? सावकाराने आपल्याला "अंगठा तुझाच आहे ना?" म्हणून गप्प केले, त्याच तोंडाने आपण बहिणीला "सही तुझीच आहे ना?" म्हणतो. बहिष्काराचेही तसेच. करडे आणि कळसच्या शेतकऱ्यांनी बलाढ्य सावकारावर उगारलेले हत्यार गावांनी दुबळ्यांवर, दलितांवर आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींवरही उगारले आहे. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला तो त्यामुळे. गावचा कायदा म्हणून तो चांगलाच असेल, असे नाही.

पण वहिवाट नेहमी वाईटही नसते. वीस वर्षे उघडपणे, विनातक्रार, हक्काने वापरलेली पायवाट १८८२ च्या कायद्याप्रमाणे हक्क होऊ शकते. शेताचा चालू रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो. बांधाच्या भांडणात डोकी फोडण्याआधी एवढे तरी माहीत हवे.

म्हणून या जिल्हा बैठकीला येताना एक सवय घेऊन या. कोणीही "कायदा आहे" म्हणाला, मग तो कारकून असो, अडत्या असो, सावकार असो की आपलाच थोरला भाऊ, की त्याला तीन प्रश्न विचारा. हा कायदा कोणी केला? कुठे लिहिला आहे, कोणत्या सालचा, कोणते कलम? आणि तो बदलायचा तर कोणाच्या हातात आहे? उत्तर देता येत नसेल तर समजा, तो कायदा नाही, सोय आहे. कचेरीत उत्तर मिळाले नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि तोही २००५ पासून कायदाच आहे.

बैठकीत प्रत्येक गावाने एक वही आणावी. गेल्या वर्षभरात "कायद्यात बसत नाही" असे ज्यांना ज्यांना सांगितले गेले त्यांची प्रकरणे तारखेसह लिहावीत. कोणाचे खरेदीखत मुळात गहाण होते, कोणाचा रस्ता अडला आहे, कोणत्या बहिणीची सही न सांगता घेतली, हेही त्यात यावे. खासगी बाब असेल तर नाव न लिहिता प्रकरण लिहावे. मग एकेक प्रकरण घेऊन पाहू, की तिथे अडवतो आहे तो कायदा, घोषणा, परिपत्रक, रूढी की नुसता साहेबाचा शब्द.

सुप्याच्या बाजारात आपल्या पणज्याच्या पणज्यांनी वह्या जाळल्या. त्यांना त्या वाचता येत नव्हत्या. आपल्याला येतात. या खेपेला वही लिहून आणू.